पणजोबा कधी गेले? शोधा, तेही जवळजवळ फुकटात!

वंशावळ मांडायला बसलं की गाडी हमखास एकाच ठिकाणी अडते. पणजोबांचं नाव ठाऊक, गाव ठाऊक. पण ते गेले कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. हिरमुसू नका! माणूस गेला की जमीन वारसांच्या नावावर चढते, श्राद्धाची तिथी ठरते, पलटणीच्या यादीतून नाव कमी होतं. कुणीतरी कुठेतरी ते लिहिलेलं असतं. कुठे, ते पाहा.

पितृपक्षाला विचारा
पहिली नोंद घरातच असते. महालय सहसा मृत्यूच्या तिथीलाच करतात. पणजीचं श्राद्ध अविधवा नवमीला होतं? मग ती पणजोबांच्या आधी गेली. कुणाचं चतुर्दशीला होतं? मग मृत्यू शस्त्राने किंवा अपघाताने झाला असावा. आजीला विचारलेल्या एका प्रश्नात इतकं कळतं!

७८ मिळवा
पोथीच्या शेवटच्या पानावर किंवा जुन्या जमाखर्चाच्या वहीत ‘आश्विन शके १८४०’ असं सापडलं, तर ७८ मिळवा : १९१८. म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात असतानाचे दिवस! माघ-फाल्गुनातली नोंद असेल तर मात्र ७९ मिळवायचे.

कोतवालाची वही
गावातले जन्म-मृत्यू ‘गाव नमुना १४’मध्ये नोंदले जात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि या जुन्या वह्या दफ्तरांतून बाहेर निघाल्या. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदींची पानं घरबसल्या पाहता येतात. बरीच पानं मोडी लिपीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा मित्र जोडून ठेवा.

फेरफार म्हणजे खजिना
खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते. ‘गाव नमुना ६’मधल्या अशा एका फेरफारात मृताचं नाव, वारसांची नावं आणि नाती एकाच जागी मिळतात. तो पाहायला माहिती अधिकारात अर्ज करा; अर्जाला १० रुपये लागतात. पण कागद पाहण्याचा पहिला तास मोफत!

पणजोबा पलटणीत होते?
कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही १९१७ मध्ये स्थापन झालेली संस्था दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद सांभाळते. सुमारे १७ लाख नावं, शोध पूर्ण मोफत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, नुसती संख्या होती. कमिशनच्या यादीत मात्र ती सापडतात. अनेकदा बापाचं नाव आणि गावही मिळतं.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या
अस्थी घेऊन कुणी नाशिकला, त्र्यंबकेश्वरला किंवा गयेला गेलं असेल, तर तिथल्या उपाध्यायांच्या वहीत आलेल्याचं नाव आणि घराण्याची पिढीवार माहिती असू शकते. हरिद्वारच्या पंड्यांच्या अनेक वह्यांचे फोटो ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर आहेत. खातं उघडायला पैसे पडत नाहीत.

गोव्याचे पाहुणे
१६१४च्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूंना पाच वह्या ठेवायला सांगितल्या; त्यातली एक मृतांची. ख्रिस्ती घराण्याचा शोध असेल तर गावच्या चर्चपासून सुरुवात करा.

१९७० नंतर सोपं!
जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. मृत्यूची खबर देणाऱ्याला नोंदीचा उतारा विनामूल्य द्यावा, असं त्यातच लिहिलं आहे. म्हणून तेव्हा खबर द्यायला कोण गेलं होतं, ते आठवा. तो कागद त्यांच्याच ट्रंकेत असण्याची शक्यता मोठी!

एक तारीख दोन ठिकाणी जुळली की ती पक्की धरा. कागदाचा फोटो काढा, कोणत्या दफ्तरात, कितव्या पानावर मिळाला ते लिहा आणि सगळ्या भावकीला पाठवा. तुम्ही उपसलेले कष्ट नातवंडांना पुन्हा उपसावे लागू नयेत. त्यांनी त्याच्याही मागची पिढी शोधावी!