माणदेशाचे आबासाहेब

राज्य परिवहनाच्या गाड्यांमध्ये विधिमंडळाच्या सदस्यांकरिता आसने राखून ठेवण्याची वहिवाट महाराष्ट्रात फार जुनी आहे. परंतु त्या आसनावर प्रत्यक्ष आमदार बसलेला पाहण्याचा योग आजच्या उतारूला क्वचितच येतो. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्याच्या रहिवाशांना मात्र तो योग वर्षानुवर्षे लाभला; कारण सारा तालुका ज्यांना आबासाहेब म्हणत असे, ते शेतकरी कामगार पक्षाचे भाई गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आल्यानंतरही एस. टी.चे उतारूच राहिले. त्यांच्या या साधेपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते यथार्थही आहे. तथापि साधेपणाच्या गौरवात त्यांचे खरे कर्तृत्व, म्हणजे विधिमंडळात बसून चिकाटीने प्रश्न विचारीत राहण्याचे काम, काहीसे झाकले गेले, असे मला मनापासून वाटते.

मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे जन्मगाव. वकिलीची सनद घेतलेल्या या तरुणाने कार्यक्षेत्र म्हणून निवडला तो माणदेशातला सांगोला. जेथे पर्जन्यमान जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, जेथून वाहणारी माण नदी वर्षातील बहुतेक महिने केवळ वाळूचे पात्र, आणि जेथल्या कुटुंबांना मेंढरे घेऊन किंवा ऊसतोडीसाठी मुलूख सोडून जाणे हे ऋतुचक्राइतकेच परिचित. १९६२ साली ते प्रथम निवडून आले. १९७२ साली पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुनश्च विजय, १९९५ साली अत्यल्प मतांनी पुन्हा पराभव आणि १९९९ पासून २०१४ पर्यंत सलग चार विजय, असा हा प्रवास आहे. एवढ्या अवधीत राज्यातील कित्येक पक्ष फुटले, जुळले, नावे बदलून उभे राहिले. गणपतरावांचा मतदारसंघ मात्र एक आणि पक्षही एकच.

मंत्रिपद त्यांना दोनदा लाभले: १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही कारकिर्दी अल्पकालीन ठरल्या. पन्नासहून अधिक वर्षांच्या आमदारकीतला फार मोठा भाग विरोधी बाकांवरच गेला, आणि आमदार म्हणजे नेमके कोण हे समजून घ्यावयाचे तर तेथेच पाहिले पाहिजे. विरोधी सदस्याच्या हाती तिजोरी नसते, दप्तर नसते, हुकूम काढण्याचा अधिकार नसतो. असतात ती केवळ सभागृहाच्या नियमांनी दिलेली आयुधे. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि उपप्रश्नांना तोंड द्यावे लागते; लक्षवेधी सूचना स्वीकारली गेली की तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर शासनाला निवेदन करावे लागते; अर्थसंकल्पातील मागण्यांवर कपात सूचना मांडली की एखाद्या आडगावच्या रखडलेल्या तलावाचे गाऱ्हाणे थेट राज्याच्या जमाखर्चाच्या चर्चेत येऊन बसते; आणि मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. ही आयुधे वापरायची तर अभ्यास लागतो, कागद वाचावे लागतात आणि अधिवेशनभर जागेवर बसून राहावे लागते. हे कष्ट आबासाहेबांनी तरुणपणी घेतले, तसेच नव्वदीच्या उंबरठ्यावरही घेतले.

रोजगार हमी योजनेच्या इतिहासात या परिश्रमांचे महत्त्व स्पष्ट दिसते. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उदयास आलेली ही योजना १९७२ च्या भीषण दुष्काळात खेडोपाडी पोचली. परंतु खडी फोडणाऱ्या मजुराला काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळावा, ते सरकारचे औदार्य ठरू नये, यासाठी शेतकरी कामगार पक्षासह विरोधकांनी आग्रह धरला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला. २६ जानेवारी १९७९ रोजी तो अंमलात आला, तेव्हा गणपतराव मंत्रिमंडळात होते. शहरातील पगारदारांनी व्यवसाय कर भरावा आणि त्यातून दुष्काळी मुलखातील मजुराच्या घरची चूल पेटावी, अशी ती व्यवस्था होती. पुढे २००५ साली देशाने जो रोजगार हमी कायदा केला, त्याला महाराष्ट्राचा हाच अनुभव पायाभूत ठरला.

पाण्याच्या प्रश्नाने मात्र त्यांची सर्वांत दीर्घ परीक्षा पाहिली. कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते, आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकत होता. म्हणजे तोपर्यंत धरणे आणि कालवे उभे राहिले नाहीत तर हक्काचे पाणीही हातचे जाण्याची धास्ती होती. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांतील शेतकरी आटपाडीच्या पाणी परिषदेत एकत्र येऊ लागले, आणि गणपतराव त्या चळवळीच्या अग्रभागी राहिले. १९९५ च्या पराभवाने सभागृहाचे दार बंद झाले, तरी परिषदेचे व्यासपीठ सुटले नाही. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून, टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवीत, खानापूर-आटपाडीमार्गे सांगोल्याकडे नेण्याची योजना अनेक वर्षे निधीअभावी रेंगाळली. प्रत्येक अर्थसंकल्पात तिच्या तरतुदीचा आकडा तपासावा, तो अपुरा असल्यास उभे राहून बोलावे, आणि पुढील वर्षी पुन्हा तेच करावे, याला वृत्तपत्रांत मथळा मिळत नाही. पण सांगोल्याच्या शेतकऱ्याला त्याचे मोल नेमके कळत होते.

सांगोल्याच्या सहकारी सूतगिरणीच्या बाबतीतही हीच चिकाटी दिसली. कापसाच्या मुलखापासून दूर असलेल्या या तालुक्यात शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी सूतगिरणी उभी करणे हे धाडसच होते. परंतु सोलापूर-इचलकरंजीच्या मागांना सूत हवे होते आणि सांगोल्याच्या तरुणांना काम. राज्यातील कित्येक सहकारी गिरण्या अवसायनात निघत असताना ही गिरणी चालत राहिली, यात त्यांच्या काटेकोर कारभाराचा वाटा मोठा होता.

२०१९ साली प्रकृतीच्या कारणाने त्यांनी निवडणूक लढविली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या कालव्यांचे पाणी तालुक्याच्या काही शिवारांत पोचले होते आणि काही गावे अद्याप वाट पाहत होती.