मूळव्याधच असेल!

रिद्धपुरास आमच्या ओटीवर नाना विषय निघतात. शौचाचा मात्र कोणी काढीत नाहीं. शौचावाटे रक्त जाऊं लागलें तेव्हां आम्हीही तीन महिने गप्प राहिलों. मूळव्याधच असेल, असें ठरवून सुरण व ताक चालू ठेविलें. अखेर चिरंजीवांनीं बळेंच अमरावतीस नेलें. दुर्बिणीच्या तपासणींत मोठ्या आंतड्यांत एक कोंब सांपडला व तेव्हांच काढला. सुदैवानें तो अद्याप कर्करोग झाला नव्हता.

असे कोंब बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु कांहींचें सुमारें १० वर्षांत कर्करोगांत रूपांतर होतें. एवढा अवधि मिळूनही आपण तो संकोचांत दवडितों.

लक्षणें अशीं : तांबडें रक्त वा डांबरासारखा काळा मल, ३ आठवड्यांहून अधिक टिकलेला मलप्रवृत्तींतील बदल, पोट साफ न झाल्याची जाणीव, पोटदुखी, अकारण घटणारें वजन, रक्तक्षयाचा थकवा. रक्तक्षयावर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन स्वस्थ बसूं नये. रक्त कोठें जातें हें शोधवावें. मूळव्याध असली म्हणून कर्करोग नाहीं, असें सिद्ध होत नाहीं. आईबापांस वा भावंडांस हा रोग झाला असल्यास लक्षणांवांचूनही वैद्यकीय सल्ला घ्यावा.

रोग आंतड्याच्या भिंतींतच असतां उपचार झाल्यास १० पैकीं सुमारें ९ रोगी ५ वर्षांनंतरही हयात असतात.

आपल्या घरांतील स्त्रिया तर हें दुखणें आपल्याहूनही अधिक लपवितात. वाचकांनीं आजच त्यांस आपुलकीनें विचारावें.