दगडावरची अक्षरे

माजिवडा नाक्यावर उभे राहिलात, तर तुम्हांला चहूकडे पाट्याच पाट्या दिसतील. काही रंगवलेल्या, काही दिव्यांनी उजळलेल्या. काही पावसाळे गेले की रंग उडतो आणि जुन्या पाटीच्या जागी नवी पाटी येते. पण काही मजकूर शेकडो वर्षे टिकावा, अशी माणसाची इच्छा असते. तो मजकूर दगडावर कोरतात.

अशी अक्षरे पाहायची असतील, तर लोकलने मुंबईला जा. फोर्ट भागात सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. कॅथेड्रल म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. हे चर्च १७१८ साली सुरू झाले आणि १८३७ साली त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. 'चर्चगेट' हे नावही याच चर्चवरून पडले. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जाई, तो चर्चगेट!

आत भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला आहेत. मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ साली वारले. बनारस व काठेवाड येथील बालहत्येची प्रथा बंद करण्यासाठी त्यांनी प्रयत्न केले होते. त्यांच्या स्मारकावर त्या कामाचा उल्लेख कोरलेला आहे. दोनशे वर्षांनंतरही तो आपण वाचू शकतो.

ही अक्षरे कशी कोरतात? प्रथम दगड घासून सपाट करतात. मजकूर कागदावर लिहून तपासतात. मग तो दगडावर रेखाटतात. कारागीर छिन्नी तिरपी धरून हातोडीने हलके ठोके देतो. रेषेच्या एका बाजूने उतार कापतो, मग दुसऱ्या बाजूने. दोन्ही उतार तळाशी मिळतात आणि खोलगट चर तयार होते. तिच्या एका उतारावर उजेड पडतो, दुसऱ्यावर सावली. म्हणून रंग न भरताही अक्षर उठून दिसते. कधी चरीत काळा रंग किंवा शिसे भरतात.

जुन्या मशिदींवरील अरबी-फारसी लेखांत बहुधा याच्या उलट रीत दिसते. तेथे अक्षर तसेच ठेवून भोवतालचा दगड काढून टाकतात. त्यामुळे अक्षरे उठावदार होतात. या कामाला वेळ जास्त लागतो. एखादा नुक्ता तुटला, तर शब्दच बदलतो! ताजमहालात तिसरी रीत आहे. तेथे अमानत खान यांच्या सुंदर अक्षरांप्रमाणे पांढऱ्या संगमरवरात काळा दगड बसवला आहे.

कोणतीही रीत असो, दगडाला खोडरबर चालत नाही. वहीतली चूक आपण खोडतो. दगडावर नाव किंवा साल चुकले, तर सारी शिला वाया जाते, नाही तर ती चूक पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. म्हणून चांगला कारागीर घाई करत नाही. प्रत्येक अक्षर पुन्हा पुन्हा पाहूनच तो पहिला ठोका देतो.

आता यंत्राने अक्षरे झटपट कोरता येतात. तरी जुन्या शिलांचे मोल कमी होत नाही. अलिबागजवळच्या अक्षी गावातील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा आहे. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो दगड फुटला असता, तर आपल्या भाषेचा एवढा जुना पुरावा नाहीसा झाला असता.

तुमच्या गावात मशिदीवर, मंदिरात, चर्चमध्ये किंवा विहिरीवर असा लेख असेल. त्यावर नाव कोरू नका, रंग फासू नका. जवळ जा आणि तो सावकाश वाचा. कोणा माणसाची आठवण कदाचित त्या एकाच दगडावर उरली असेल.

शब्दार्थ
स्मृतिशिला – आठवणीसाठी बसवलेला दगड
चर – लांबट खोलगट खाच
उठावदार – वर आलेले
नुक्ता – अक्षराचा ठिपका

स्वाध्याय
१. रंग न भरताही कोरलेले अक्षर उठून का दिसते?
२. अक्षरे कोरण्याच्या दोन रीतींतील फरक सांगा.
३. 'दगडाला खोडरबर चालत नाही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.