टेट्रिस एक, यंत्रं दोन: टीव्हीवरचं आणि खिशातलं



जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की एक वाद हमखास होतो. टीव्हीला जोडायचं यंत्र चांगलं की हातात धरायचं? असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघमच मिळतं. म्हणून आज एकच खेळ घेऊ, जो दोन्ही यंत्रांवर होता, आणि दोन्हीकडचा माल शेजारी शेजारी ठेवून मोजू. तो खेळ म्हणजे टेट्रिस.

नाव ओळखीचं नसलं तरी खेळ तुम्ही पाहिलेला आहे. वरून विटांचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा, एकूण प्रकार सात. तुकडा फिरवायचा, सरकवायचा आणि खाली नीट बसवायचा. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. ढीग वरपर्यंत पोचला की खेळ संपला.

हा खेळ १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाझित्नोव्ह यांनी तयार केला. आम्हा भिलाईकरांना रशिया परका नाही. इथला पोलाद कारखाना १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत मदतीनं उभा राहिला आणि आमच्या प्राणिसंग्रहालयाचं नावही मैत्री बाग आहे. पाझित्नोव्ह यांच्या इलेक्ट्रॉनिका-६० या संगणकाला चित्र काढता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पडद्यावर कंस टाइप करून विटा केल्या. म्हणजे हा खेळ जन्मापासूनच साधनांच्या टंचाईत वाढलेला. पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात ठेवा.

१९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं टेट्रिसच्या दोन आवृत्त्या काढल्या. एक टीव्हीला जोडायच्या घरगुती यंत्रासाठी, दुसरी गेम बॉय या हातातल्या यंत्रासाठी. कंपनी एक, वर्ष एक, गुण देण्याचं कोष्टकही एकच. पहिल्या पातळीवर एक ओळ गेली तर ४० गुण आणि चार ओळी एकदम गेल्या तर १,२००. तरीही खेळणाऱ्याला दोन्हींत फरक जाणवतो. तो कुठून येतो?

पहिला फरक जागेचा. घरगुती यंत्राचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. गेम बॉयचं १६० बाय १४४. एक वीट ८ ठिपके उंच धरली तर १४४ मध्ये १८ च ओळी बसतात. म्हणून टीव्हीवरचा हौद १० रुंद आणि २० उंच आहे, तर गेम बॉयवरचा १० रुंद आणि १८ उंच. दोन ओळी म्हणजे फार नाही असं वाटेल. पण ढीग वर चढतो तेव्हा त्याच दोन ओळींत माणूस सावरतो. टीव्हीवर बाजूला जागा उरते, म्हणून कोणता तुकडा किती वेळा आला याचा हिशेबही दिसतो. गेम बॉयवर त्याला जागाच नाही.

दुसरा फरक गतीचा. दोन्ही यंत्रं सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र बदलतात. सुरुवातीच्या पातळीवर टीव्हीवरचा तुकडा ४८ चित्रांत एक ओळ उतरतो, गेम बॉयवरचा ५३ चित्रांत. म्हणजे ०.८ सेकंद आणि सुमारे ०.९ सेकंद. खरी तफावत वरच्या टोकाला आहे. गेम बॉयवर विसाव्या पातळीला एका ओळीला ३ चित्रं लागतात आणि गती तिथंच थांबते. टीव्हीवर एकोणतिसाव्या पातळीला एका चित्रात एक ओळ. वरून खालपर्यंत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा! ही पातळी म्हणजे खेळाचा शेवटच, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. मग खेळाडूंनी बटण दाबायच्या नव्या रीती शोधल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत गेला. तिथं खेळच अडकून बंद पडला.

तिसरा फरक पडद्याचा. टीव्हीवर विटा रंगीत असतात आणि पातळी बदलली की रंग बदलतात. गेम बॉयला हिरवट पडद्यावर छटा चारच, म्हणून तिथं तुकडे नक्षीवरून ओळखायचे. पडद्याला मागून प्रकाश नाही, दिव्याखाली किंवा उजेडात बसावं लागतं. हलणारी वस्तू मागं पुसट रेघ सोडते. पण टेट्रिसमध्ये एका वेळी एकच तुकडा हलतो आणि बाकी सगळं स्थिर असतं. त्यामुळे पडद्याचा हा दोष इतर खेळांत खुपतो तसा इथं खुपत नाही.

मग एवढा कमजोर पडदा घेतलाच का? फौजेत पाठीवर घ्यायचं सामान निवडताना वजन किती, बॅटरी किती टिकते, आपटलं तर चालेल का, हे आधी बघतात. गेम बॉयचे कर्ते गुनपेई योकोई यांचा विचार याच वळणाचा होता. जुनं झालेलं, स्वस्त, भरवशाचं तंत्र नव्या कामाला लावायचं. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. सेगा कंपनीच्या रंगीत गेम गियरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. मजबुतीचं म्हणाल तर आखाती युद्धात होरपळलेला एक गेम बॉय न्यू यॉर्कच्या निन्टेन्डोच्या दुकानात अनेक वर्षं मांडून ठेवला होता. प्लास्टिक वितळलेलं, पण पडद्यावर टेट्रिस चालू!

चौथा फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. टीव्हीचं यंत्र म्हणजे घरातल्या सगळ्यांचं, दोन रिमोट असलेलं. पण निन्टेन्डोचा टीव्हीवरचा टेट्रिस फक्त एकानं खेळायचा, बाकीच्यांनी बघायचं. गेम बॉय एकट्याच्या हातातला, पण दोन गेम बॉय वायरीनं जोडले की दोघांचा सामना रंगायचा. तुम्ही एकदम जास्त ओळी उडवल्या की समोरच्याचा ढीग खालून वर सरकायचा. हातातल्या यंत्रानं मूल एकलकोंडं होतं असं आपण सरसकट म्हणतो. इथं दोघांना समोरासमोर बसवणारं यंत्र खिशातलं होतं.

विक्रीचा कौलही तसाच आहे. अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिसची कॅसेट मिळायची. मारिओ दिला तर मुलं घेतील, टेट्रिस दिला तर सगळेच घेतील, असं हेंक रॉजर्स यांनी कंपनीला पटवलं होतं. गेम बॉयवरचा टेट्रिस सुमारे ३.५ कोटी खपला, टीव्हीवरचा सुमारे ८० लाख.

आता आपल्याकडचं. १९९० च्या दशकात आपल्या बाजारात आला तो बहुतेक ब्रिक गेम. टेट्रिसचीच नक्कल, ‘९९९९ इन १’ असं लिहिलेली. मोजके खेळ गती बदलून बदलून मोजले की आकडा फुगतो. गंमत म्हणजे त्याचा हौद १० बाय २०, टीव्हीवरच्या टेट्रिसइतकाच. कारण तिथं ठिपके नव्हतेच. २०० चौकोन पडद्यात कायमचे कोरलेले, पेटवायचे किंवा विझवायचे. टीव्ही गेमच्या कॅसेटींची गोष्ट वेगळी. आपला टीव्ही सेकंदाला ५० चित्रांचा. ६० साठी लिहिलेला खेळ ५० च्या यंत्रावर चालवला की गती एक षष्ठांशानं उतरते, संगीतासकट.

तेव्हा निवड कशी करायची? हात आणि नजर कसाला लावायची असेल तर टीव्हीवरचा टेट्रिस. प्रवासात किंवा दवाखान्याच्या रांगेत वेळ घालवायचा असेल, नातवाशी चुरस करायची असेल, तर हातातला. आणि कपाटात जुना ब्रिक गेम पडला असेल तर आज उघडून त्यातले सेल काढून ठेवा. सेल पाझरला की आतल्या पट्ट्या गंजतात, आणि चांगलं यंत्र खेळून नव्हे, पडून पडून मरतं.

पुढच्या भागात भेटूच. जय हिंद!