अश्लीलता: तत्त्वज्ञानाच्या वर्गातला विषय

विदर्भातल्या जानेफळसारख्या गावातला विद्यार्थी अकरावी-बारावीतच मोबाइलवर अश्लील चित्रफिती पाहू शकतो. पदवीच्या वर्गात मात्र त्यांवर विचार करायला क्वचितच शिकतो. हा विषय शिकवणे म्हणजे चित्रफिती दाखवणे नव्हे, प्रश्न विचारणे: संमती खरी कशी ओळखायची? नुकसान कोणाचे? स्त्रीवादी कायदेतज्ज्ञ कॅथरिन मॅकिनन यांनी पोर्नोग्राफीला स्त्रियांच्या दुय्यमत्वाचे साधन म्हटले. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या परंपरेतले विचारवंत बंदीआधी नुकसानीचा पुरावा मागतात.

मराठीत यासाठी अस्सल साहित्य आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे अश्लील कसे, हा आंबेडकरांचा मुद्दा होता. कर्वे खटला हरले, मुद्दा टिकला. पुढे 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवर खटला झाला. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कामजीवनाचा उल्लेख तेवढ्याने अश्लील ठरत नाही, असे सांगितले.

कर्वे ज्ञान देत होते, काकोडकर कथा सांगत होते. आजच्या चित्रफितींमागे मोठा धंदा आहे. हा फरक तपासायला वर्गाइतकी चांगली जागा नाही. विदर्भातल्या प्राध्यापकांनी सुरुवात या दोन खटल्यांपासून करावी.