यजमान, पाहुणा आणि मोजणीचे फळ

बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीवर बांधलेले माजलगावचे धरण हा जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग होय. कालव्याचे पाणी पाळीपाळीने मिळते, हे तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. समजा, चार चाऱ्यांसाठी एकच मापयंत्र असून ते प्रत्येक चारीवर पाव वेळच ठेवता येते. मग मिळालेल्या आकड्यास चाराने गुणूनच एकूण पाण्याचा हिशेब मांडावा लागेल; आणि प्रवाह सर्वकाळ सारखा असेल तरच तो हिशेब खरा ठरेल. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये नेमका हाच पेच उद्भवतो.

प्रोसेसरने किती आज्ञा पूर्ण केल्या, हवी ती सामग्री जवळच्या साठ्यात किती वेळा सापडली नाही, अशा घटना मोजण्यासाठी त्यात गणक बसविलेले असतात. १९९३ च्या पेंटियममध्ये ते दोन होते. आजही त्यांची संख्या अल्पच असते. मागण्या अधिक झाल्या की गणक पाळीने वाटले जातात आणि न मोजलेला काळ प्रमाणाने भरून काढला जातो.

एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालत असली म्हणजे हा प्रश्न अधिक बिकट होतो. मूळ प्रणालीस यजमान आणि आत चालणाऱ्या प्रणालीस पाहुणा म्हणू. लिनक्समधील केव्हीएम या व्यवस्थेच्या जुन्या पद्धतीत पाहुण्याने गणक मागताच नियंत्रण यजमानाकडे जाते व तो ती मागणी आपल्या यादीत नोंदवितो. या ये-जा करण्यात वेळ खर्ची पडतो. शिवाय यजमानाची स्वतःची निकडीची मागणी आली तर पाहुण्याचा गणक थांबतो, आणि पाहुण्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

२०२४ मध्ये लिनक्सच्या विकासकांपुढे निराळी योजना मांडण्यात आली. तीनुसार पाहुणा चालू असेतोवर गणक सर्वस्वी त्याचे. पाळी बदलताच त्याचे आकडे जपून ठेवून यजमानाचे पूर्ववत् भरावयाचे. तथापि, तेवढ्या काळात पाहुण्याच्या व्यवहाराची मोजणी यजमानास करता येत नाही.

येथे ‘यजमान’ या शब्दाची व्युत्पत्ती उद्बोधक ठरते. ‘यज्’ धातूचे हे आत्मनेपदी रूप असून क्रियेचे फळ कर्त्याकडेच जाते, असा त्याचा आशय आहे. याजक यज्ञ करतो, परंतु फळ यजमानाचे. मोजणारा आणि फळाचा धनी हे भिन्न असू शकतात, हा भेद वैयाकरणांनी जाणला होता. जुन्या पद्धतीत मात्र नाव यजमानाचे आणि काम याजकाचे, अशी उलट स्थिती दिसते.

म्हणून भाड्याच्या आभासी यंत्रावर प्रयोग करणाऱ्या संशोधकाने केवळ आकडा देऊन थांबू नये. गणक एकूण काळापैकी किती काळ खरोखर चालू होता, हेही नमूद करावे. त्यावाचून दोन प्रबंधांतील आकड्यांची तुलना निरर्थक होय.