प्राणिदया आणि प्लॅस्टिक : एक अपुरा हिशेब

दूध, मध, लोकर, रेशीम, चामडे आदी सर्व प्राणिजन्य वस्तूंचा शक्य तेवढा त्याग करणाऱ्या जीवनपद्धतीस १९४४ साली इंग्लंडमध्ये ‘व्हीगन’ हे नाव मिळाले. गिरगाव-दादरकडील अनेक कुटुंबांना चामडे वर्ज्य मानण्याची रीत मात्र नवी नाही. आज चामड्याच्या जागी रेक्झिनची वहाण, रेशमाच्या जागी पॉलिएस्टरची साडी आणि लोकरीच्या जागी ॲक्रिलिकचा स्वेटर आला आहे. या तिन्ही वस्तूंचे मूळ मुख्यतः खनिज तेलात आहे.

तेल शुद्धीकरणात नाफ्था मिळतो व त्यापासून इथिलीन हा वायू. इथिलीन आणि मिठापासून काढलेला क्लोरीन यांपासून पीव्हीसी बनते. त्याचा थर कापडावर चढविला की रेक्झिन तयार होते. खनिज तेल हे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांचे, मुख्यतः शेवाळवर्गीयांचे, रूपांतर होय. त्यासाठी आज कोणताही प्राणी पाळला वा मारला जात नाही. तेव्हा प्रश्न वस्तूच्या उगमाचा नसून तिच्या अखेरीचा आहे. रेक्झिनचा थर सुटू लागला की वहाण सहसा टाकूनच द्यावी लागते. पॉलिएस्टरच्या प्रत्येक धुण्यातून सूक्ष्म तंतू सांडपाण्यात उतरतात. असा कचरा समुद्रात गेला की मासे व कासवे तो भक्ष्य समजून गिळतात. घरात टाळलेली हिंसा अशा रीतीने किनाऱ्यापलीकडे घडते.

सुती कापड हा याहून बरा पर्याय होय. परंतु तोही सर्वस्वी निर्दोष नव्हे. परळ-लालबागच्या गिरण्या सुती कापडासाठी प्रसिद्ध होत्या. तथापि, त्या काळी गिरणी-उद्योगात सुताच्या खळीत जनावरांची चरबी मिसळण्याचा प्रघात होता आणि यंत्रांचे पट्टे चामड्याचे असत. संपूर्ण शुद्धतेचा आग्रह व्यवहारात टिकत नाही, हेच यावरून दिसते.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे प्लॅस्टिकच्या पिशव्या व एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. तथापि वहाणा, कपडे आणि पाकिटे यांची निवड नागरिकांच्याच हाती आहे. सुती पिशवी, कॅनव्हासचे जोडे, तागाची व काथ्याची वस्तू प्राणी आणि तेल या दोहोंचा भार हलका करते. घरात असलेली रेक्झिनची वस्तू फेकून नवी घेण्यापेक्षा ती झिजेपर्यंत वापरणे, हेही प्राणिदयेचेच अंग होय.